दुसऱ्या ओळीतली सातवी

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास एक बाई माझाच फोटो घेऊन माझ्याच दुकानात आली आणि म्हणाली, ही माझी थोरली बहीण.

मी ‘अस्सं’ म्हटलं. गिऱ्हाइकासमोर पहिला शब्द ‘अस्सं’ असावा ही बाबांची शिकवण. समोरचा काय दाखवतोय हे उमगेपर्यंत त्या एका शब्दात बराच वेळ काढता येतो. बाई पन्नाशीची होती. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं, म्हणजे नर्स असणार असं मी मनात टिपलं, आणि पुढं तसंच निघालं. उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेला पुठ्ठा तिनं काउंटरवर ठेवला, तान्ह्या मुलाची दुपटी सोडावीत तसा हलकेच उलगडला. चार ओळी, ओळीत नऊ, एकूण छत्तीस मुली. पांढरे फ्रॉक, घट्ट वेण्या, गुडघ्यावर हात, आणि छत्तीस चेहऱ्यांवर एकच भाव: शिंक आलीय पण शिंकायचं नाही. खाली बाबांच्या मोत्यासारख्या अक्षरात छत्तीस नावं. कोपऱ्यात आमच्या स्टुडिओचा उठावाचा शिक्का. तिनं बोट ठेवलं ते दुसऱ्या ओळीत, डावीकडून सातवीवर. मटाराएवढा चेहरा. तो मी साठ वर्षं आरशात पाहतेय.

“हिचा एकटीचा चेहरा मोठा करून हवाय. तीन फुटी. तिच्या शाळेत तिच्या नावानं वाचनाची खोली देतोय आम्ही, तिथं लावायचाय. आता घरात मी आणि आईच, तीही ऐंशीच्या पुढची.”

“एवढ्याशा चेहऱ्याचे तीन फूट?”

“म्हणून तर तुमच्याकडे आले, ताई. बाकी सगळीकडे नाहीच म्हणाले. मशीनमध्ये घातला की दाणे दाणे होतात म्हणे. तुमच्याकडे मूळ काच असेल ना? म्हणजे वडलांच्या वेळची?”

काच होती. आमच्याकडे काच फुटते, पण हरवत नाही. मी म्हटलं, बघावं लागेल.

“मी झाले त्याच्या दोन वर्षं आधी गेली ही. दुसरा फोटोच नाही तिचा. सगळे म्हणतात मी अगदी हिच्यावर गेलेय. बघा ना, हनुवटी.” मी पाहिली. हनुवटी खरंच सारखी होती. फोटोतल्या चेहऱ्यांवर पेन्सिल चालवण्यात चाळीस वर्षं घालवल्यावर मला एक समजलंय, हनुवट्या मोजून सहा-सात प्रकारच्या असतात आणि जगात त्याच फिरवून फिरवून वाटल्या जातात. बाई मात्र खुशीत होती. “लहानपणी मी हिच्याशी बोलायचे. स्टुलावर चढून. गणितात नापास झाले ते घरात सगळ्यांत आधी हिला कळलं.”

“मग काय म्हणाली?” मी विचारलं. माझा आवाज मला जरा जास्तच उत्सुक वाटला.

“काय म्हणणार? बघत राहिली,” नर्सबाई हसून म्हणाली.

बरोबर. बघत राहण्यापलीकडे मी काही करणं शक्य नव्हतं. मला हलायची परवानगी नव्हती.

बाबा शाळांतल्या, वसतिगृहांतल्या, अनाथाश्रमांतल्या मुलांचे ग्रूप फोटो काढत. शहरात एकट्यादुकट्याचे फोटो काढणारे आणखी होते, पण चाळीस मुलं चार सेकंद दगड करून दाखवणारा माणूस एकच. काळं फडकं डोक्यावरून बाजूला सारून ते बाहेर येत, भिंगाच्या टोपीवर हात ठेवत, आणि म्हणत, “आतलं बाहेर नको, बाहेरचं आत नको.” म्हणजे श्वास. मग टोपी काढत आणि चार मोजत. चुळबुळ्या पोरांच्या मानेमागं लोखंडी चिमट्याचा स्टँड लावत. समोरून तो दिसायचा नाही, पण ज्याच्या मानेला लागलाय त्याच्या डोळ्यांत दिसायचा. जुन्या फोटोंतली मुलं किती शहाणी, किती गंभीर, असं लोक कौतुकानं म्हणतात तेव्हा मला तो चिमटा आठवतो. बाबांचं अक्षर सुंदर होतं, आणि सुंदर अक्षराच्या माणसाला जो गर्व असतो तो सगळा त्यांच्यात होता. शाळेकडून यादी आली की ते पुठ्ठे लिहायला बसत. छत्तीस मुलींच्या घरी छत्तीस पुठ्ठे जाणार, प्रत्येकावर ओळीवार छत्तीस नावं, सगळी हातानं. आठवडा जायचा. त्यामुळे फोटो काढायच्या आधीच पुठ्ठे तयार असत. आधी टोपी शिवायची आणि मग तिच्या मापाचं डोकं शोधायचं असा तो प्रकार. आणि ऐन दिवशी एखादं डोकं यायचंच नाही. कुणाला गोवर, कुणाचा मामा आलेला. मग जागा रिकामी ठेवून चालत नसे, कारण सातवी गेली की आठवीला सातवीचं नाव लागतं, नववीला आठवीचं, आणि पंधरा दिवसांनी आया भांडायला येतात. शिवाय बाबांना ओळ म्हणजे दातांची कवळी वाटे. एक पडला की सगळं तोंड बिघडलं. म्हणून ते मला बरोबर नेत. माझं काम जागेवर बसणं. या कामाला आमच्या घरात ‘भरती’ म्हणत, आणि हळूहळू मलाही. “भरतीला वेणी घाला, सकाळी वसतिगृहात जायचंय,” असं बाबा आईला सांगत.

ही लबाडी नव्हती, हे बाबांच्या बाजूनं सांगायला हवं. पद्धत ठरलेली होती. न आलेल्या मुलाला पुढच्या रविवारी स्टुडिओत बोलवायचं, त्याच्या चेहऱ्याचा तेवढ्याच मापाचा फोटो काढायचा, कापून माझ्या चेहऱ्यावर चिकटवायचा, कडा घासून वरून ब्रश फिरवायचा, आणि त्या सगळ्याचा पुन्हा एक फोटो. बेमालूम. नोंदवहीत शेरा पडायचा: ‘भरती १. चेहरा रविवारी.’ आणि रविवारी त्यावर काट. सहाव्या वर्षापासून नवव्यापर्यंत माझ्या एकोणीस नोंदी आहेत. दोनदा मी मुलगा होते. अठरा फोटोंत धड माझं आणि डोकं दुसऱ्याचं. अजूनही या शहरात कुणाकुणाच्या घरी माझे हात गुडघ्यावर ठेवून कुणीतरी बसलंय. मला ते आवडायचं, हे कबूल करते. मी शाळेत मागच्या बाकावरची, कुणाच्या खिजगणतीत नसलेली मुलगी. पण ग्रूपच्या दिवशी बाबा यादी हातात घेऊन मोठ्यानं नावं वाचत, प्रत्येकीनं ‘हजर’ म्हणायचं, आणि न आलेल्या मुलीचं नाव आलं की अंगण क्षणभर गप्प व्हायचं. सगळ्या माझ्याकडे वळून पाहायच्या. त्या शांततेत मी खणखणीत ‘हजर’ म्हणायचे. स्वतःच्या नावाला इतक्या जोरात मी कधीच हजर म्हटलं नाही.

एकोणिसाव्या नोंदीवर काट नाही. ती मुलगी रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. तिसऱ्या आठवड्यात तिचे वडील आले. फिरतीची नोकरी, महिन्यातून दोन दिवस घरी टेकणारा माणूस. मी पडद्यामागं उभी होते, तिथून त्यांचे बूट आणि पिशवी दिसत होती. मुलगी गेली, ताप होता, मी बाहेरगावी होतो, असं त्यांनी तीन तुकड्यांत सांगितलं. एखादा फोटो असेल तर बघा. बाबांनी काही बोलायच्या आत, काउंटरवर वाळत ठेवलेले पुठ्ठे त्यांना दिसले. त्यांनी नाव शोधलं. नावावरून बोट वर नेलं. बराच वेळ तिथंच ठेवलं. “हीच,” ते म्हणाले, “अगदी हीच.” आणि इतके रडले की बाबांनी खुर्ची पुढं केली. त्या वेळी बाबांनी वळून पडद्याकडे पाहिलं. त्यांच्या हाताला टोपी नव्हती, समोर कॅमेरा नव्हता, पण नजर तीच: आतलं बाहेर नको, बाहेरचं आत नको.

चार मोजायचं मात्र ते त्या दिवशी विसरून गेले. तो माणूस दर वर्षी एकदा येत राहिला. कधी नवी प्रत हवी, कधी फ्रेम बदलायची, कधी नुसतंच. मी दुकानाच्या पुढच्या भागात दिसायचं नाही असा नियम झाला. माझे केस कापले. शाळा बदलली. पडद्यामागं काही तरी काम हवं म्हणून हातात पेन्सिल दिली, आणि मी काचेवरचे मुरूम, सुरकुत्या, देवीचे व्रण घालवायला शिकले. उजव्या हाताला गुण होता असं सगळे म्हणतात. गुण कसला, कोंडलेलं मांजर भिंत चांगली ओरबाडतं. पंधराव्या वर्षी माझा चेहरा इतका बदलला होता की तो माणूस रस्त्यात समोर आला असता तरी त्याला काही वाटलं नसतं. पण चेहरा बदलला, पडदा तोच राहिला. कित्येक वर्षं बाबांनी माझा फोटो पुन्हा काढलाच नाही. गावभर फिरणारी वस्तू ती, कुणाच्या हाती लागेल आणि कोण शेजारी शेजारी ठेवून पाहील, ही धास्ती. पुढं स्थळ आलं, त्यांनी रीतसर फोटो मागितला. फोटोवाल्याच्या मुलीचा फोटो नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं, मुलगी दिसायला फारच वाईट असणार. शेवटी बाबांनी एक काढला आणि त्यावर मलाच बसवलं: नाक जरा बदल, हनुवटी जरा बदल. मी बदलली. मंडळी पाहायला आली तेव्हा मुलाच्या आत्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, “आणि फोटोतली कुठाय?” घरात त्यावर आम्ही पुष्कळ हसलो. बाबा सगळ्यांत जास्त.

बुधवारी मी काच शोधली. फडताळात तिसऱ्या फळीवर, नंबरानं. उजेडाच्या चौकटीवर ठेवली आणि भिंग डोळ्याला लावलं. काचेवर सगळं उलटं असतं, काळ्याचं पांढरं; त्यामुळे तिथं मी नऊ वर्षांची नव्हतेच. केस पांढरेशुभ्र, चेहरा काळवंडलेला, डोळ्यांत दोन फिकट ठिपके. मी आज आहे तशी. वहिनी जेवायला बोलवायला वरून आली, माझ्या खांद्यावरून वाकली, मग शेजारी ठेवलेल्या पुठ्ठ्याकडे वळली. माझा भाऊ पाच वर्षांपूर्वी गेला. आता घरात आम्ही दोघीच, एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढत सुखानं राहतो.

“अगंबाई! वन्सं, ह्या तुम्ही!”

“कशावरून?”

“अंगठा बघा की. मुठीत कोंबलाय. अजून तसाच कोंबता, कुणावर चिडलात की.” तिनं खालचं नाव वाचलं. “हे कुणाचं नाव?”

बावन्न वर्षांत पहिल्यांदा मी ते तोंडानं सांगितलं. फार वेळ लागला नाही. पोळी निवायला लागतो तेवढाच. वहिनी खुर्चीत बसली. तिच्या चेहऱ्यावर आधी गंमत होती, मग हळूहळू ती ओसरली.

“त्या मुलींना तर ठाऊक असेल. वर्गातल्या.”

“असेल. पण मुलांना कोण विचारतं?”

“मग आता?”

“मटाराएवढं होतं तोवर ठीक. तीन फुटी झाल्यावर कान दिसेल. डाव्या कानाची पाळी गालाला चिकटलेली. आमच्या अख्ख्या घराण्याची आहे.”

“कान दुरुस्त करा ना. तुम्हाला काय अवघड? जगाची नाकं सरळ केलीत.” मग आवाज उतरवून म्हणाली, “हे बघा, वन्सं, सांगू बिंगू नका. आई आहे ना तिची अजून? ऐंशीच्या पुढची? त्या म्हाताऱ्या जिवाकडे एक चेहरा आहे, तोही तुम्ही काढून घेणार? कशासाठी? तुमच्या पोटात दुखतंय म्हणून?”

पोटातच दुखत होतं, हे खरं. न सांगावं तर मी तीन फुटांची होऊन, काचेच्या आड, दुसरीच्या नावाखाली कायमची टांगली जाणार. पुढं मी मेले तरी तिथं बसून राहणार, वाचायला येणाऱ्या मुलींकडे बघत. सांगावं तर एका आईची एकुलती एक आठवण माझ्या हातानं खोटी ठरणार. मी गुरुवारभर कान दुरुस्त करत बसले. पाळी मोकळी केली, जरा लांबवली. मग हनुवटी. मग भुवई. संध्याकाळी पाहिलं तर ती मी नव्हते आणि आणखी कुणीही नव्हती. सगळ्यांच्या घरी असते तशी एक मुलगी होती. हे काम मला फार चांगलं जमतं. मी ते सगळं ओल्या बोळ्यानं पुसून टाकलं.

शुक्रवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. निमित्त असं की डोळ्यांचा, केसांचा नेमका रंग आईंना विचारून घेते. दुसरा मजला, स्वच्छ जिना, दारात चपला ओळीनं. खोलीत खिडकीशी म्हातारी खुर्चीत बसलेली, अंगावर पातळ शाल, हात मांडीवर. समोरच्या भिंतीवर फोटोच्या आकाराचा फिकट चौकोन. पुठ्ठा माझ्याकडे होता ना. नर्सबाईनं मोठ्यानं ओळख करून दिली, “आई, ह्या स्टुडिओतल्या ताई. रंग विचारायला आल्यात,” आणि चहा टाकायला आत गेली. मी वही काढली. धंद्यातला आवाज काढला.

“काकू, डोळे काळे की पिंगट?”

म्हातारी माझ्याकडे पाहत होती. गिऱ्हाइकं मला पाहतात तसं नव्हे. मी काच पाहते तसं.

“फोटोवाल्याची ना तू?” ती म्हणाली. “मुलगी.”

“हो.”

“उंच झालीस.”

स्वयंपाकघरात कपांचा आवाज झाला. मी वही मिटली, का ते ठाऊक नाही.

“शाळेच्या फाटकाशी उभी होते मी त्या दिवशी. चिठ्ठी द्यायला आले होते, ताप आहे, येणार नाही म्हणून. आत नावं वाचत होते. तिचं वाचलं. म्हटलं, आता बाई सांगतील, आली नाही. तर तू ‘हजर’ म्हणालीस.” तिनं मान हलवली. “केवढ्यानं म्हणालीस गं! मला क्षणभर वाटलं, उठून आलीच की काय माझ्या मागून.”

“काकू, तुम्हाला पहिल्यापासून…”

“आई आहे मी. मला काय पुठ्ठा वाचून मुलगी ओळखायची होती?”

“मग बोलला का नाहीत?”

“कुणाला? ह्यांना? ती गेल्यापासून हा माणूस पाण्यावर होता. तुझा फोटो घेऊन घरी आले, समोर ठेवला, आणि जेवले. दोन घास, पण जेवले. मी काय ताट ओढायचं?” तिनं शाल सारखी केली. “म्हटलं, सांगू पुढं. मग धाकटी झाली. ती रांगत फोटोपाशी जायची. मग ती बोलायला लागली तुझ्याशी. पुढं पुढं म्हणता दोघंही तुझे झाले. मी एकटीच होते तिची.”

मी म्हटलं, चुकलं. बाबांचं चुकलं, माझं चुकलं. शब्द तोंडातून बाहेर पडून तिच्या खुर्चीपर्यंत पोचलेच नाहीत.

“ते असू दे. दुसरंच सांगतेय मी. बावन्न वर्षं समोर तू. उठताबसता तू. सुरुवातीला मी डोळे मिटून घ्यायचे आणि तिला बघायचे. रोज. जमायचं. मग एक दिवस डोळे मिटले, तर आतही तूच.” ती हे रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसती सांगत होती, दुखणं कुठून सुरू झालं ते सांगतात तसं. “आता तिचा चेहरा मला येत नाही. आवाज येतो. केसांचा वास येतो. चेहऱ्याच्या जागी तू. तू खाल्लास तो.”

बाहेर रस्त्यावर कुणी तरी सायकलची घंटी वाजवत होतं, सारखी, विनाकारण. मी पाहिलं तर अंगठा मुठीत होता. आयुष्यभर मी समजत होते की त्या ओळीत मी अडकलेय. तिथं आणखी एक जण माझ्याखाली दबून आहे, आणि ती सुटायची असेल तर मला उठावं लागेल, हे मनात आलंच नव्हतं.

“काढून टाक स्वतःला,” म्हातारी म्हणाली. “रिकामी ठेव तिची जागा. तुला येतं ना ते? ह्यांनी सांगितलं होतं, फोटोवाल्याची मुलगी काहीही पुसते.”

“आणि धाकटीला काय सांगायचं?”

“तिला तू सांग. माझ्याच्यानं झालं असतं तर तेव्हाच झालं असतं.”

नर्सबाई ट्रे घेऊन आली, तीन कप, बशीत बिस्किटं. मी उभीच राहिले, आणि सांगितलं. माझ्या बाजूनं एकही वाक्य जोडलं नाही. यादी वाचावी तसं. ऐकताना ती ट्रे हातात धरून होती.  तिनं आईकडे पाहिलं. म्हातारीनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

“मग मी कुणावर गेले?” तिनं विचारलं.

मग तिची नजर भिंतीवरच्या फिकट चौकोनाकडे गेली.

“आणि इतकी वर्षं मी सगळं… तुम्हाला सांगत होते? स्टुलावर चढून? ते पत्राचं, आणि त्या डॉक्टरचं… सगळं?” एकाएकी ती लाल झाली, सोळा वर्षांच्या मुलीसारखी. “निदान हूं तरी म्हणायचंत!” आणि ट्रे घेऊन परत आत गेली. माझाही कप गेला.

शनिवारी मी काच पुन्हा चौकटीवर ठेवली. काचेवरचं माणूस काढायचं तर सुरीनं वरचा थर खरवडायचा. जिथं काच मोकळी होते तिथं कागदावर काळं उमटतं. मी कानापासून सुरुवात केली. सोपं गेलं, हे सांगायला लाज वाटत नाही. पण सातवी निघाल्यावर समजलं, की सहावी आणि आठवी माझ्यावर टेकून बसल्या होत्या. सहावीचा खांदा माझ्या खांद्यापाशी संपत होता, आठवीच्या वेणीचं टोक माझ्या हातामागं होतं. माझ्यामागं काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. भिंत? तिसऱ्या ओळीतल्या कुणाचे पाय? मी तिथं होते, पण पाठ करून. तसाच काळा तुकडा राहू दिला आणि प्रत काढली. पस्तीस मुली आणि मधे मुलीएवढा काळोख.

पुढच्या शुक्रवारी ती घेऊन गेले. दार नर्सबाईनं उघडलं, खुर्ची खिडकीशी सरकवून दिली. शाळेला आता काय देऊ, हा काळा डाग? एवढंच पुटपुटली आणि दाराला टेकून उभी राहिली. म्हातारीनं प्रत मांडीवर घेतली. चष्मा चढवला, उतरवला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. परीक्षेचा निकाल बघतात तशी नव्हे, दाराची कडी आतून निघते का ते ऐकतात तशी.

“अजून तूच,” ती म्हणाली.

“मी कुठाय, काकू? सगळं खरवडलंय.”

“हे खांदे कुणाचे? असे ताठ? ही मान?” तिनं काळ्या कडेवरून नख फिरवलं. “जागाही तुझ्याच मापाची राहिली की.”

मला तिथून उठून जावंसं वाटलं. जिना, चपला, रस्ता. स्वतःला खरवडून काढल्यावरही जी बाहेर पडत नाही तिनं आणखी काय करायचं असतं? पण पिशवीत रंगाची वडी होती, ब्रश होता, सवयीनं घेतलेले. मी वाटीत पाणी मागितलं. नर्सबाईनं आणून दिलं. मी प्रत पाटावर ठेवली, भिंतीचा करडा रंग कालवला, आणि विचारलं, “मग कशी बसायची ती?”

 म्हातारीनं डोळे मिटले, लगेच उघडले. तिथं मी असणार. मग काळ्या आकाराकडेच बघत म्हणाली, “रोड होती. तुझ्या निम्मी.” मी दोन्हीकडून करडा रंग आत सरकवला. “खांदे उतरते. अजून. हं.” मग बऱ्याच वेळानं, “सरळ बसायचीच नाही. डोकं असं, एका बाजूला, कुणी तरी हाक मारतंय असं.” मी डोक्याचा काळोख एका बाजूला कलता केला. तिचा श्वास ऐकू आला. दारापाशी टेकलेली धाकटी दोन पावलं पुढं आली, मग आणखी दोन, आणि आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकून बघायला लागली. जन्मात पहिल्यांदा बहीण बघत होती.

तेव्हापासून दर शुक्रवारी जाते. सहा झाले. दर खेपेला म्हातारीला एखादी गोष्ट सापडते, कोपराचं टोक, एक वेणी दुसरीपेक्षा सैल, आणि मी तेवढा करडा रंग आत लोटते. वाचनाची खोली उघडली. भिंतीवर नुसता खिळा आहे. वहिनी विचारते, “संपणार कधी हे, वन्सं?” मी म्हणते, होईल. काल मला वाटलं, झालं. मी ब्रश धुतला, वडी पुसली. म्हातारीनं प्रत उजेडाला धरली, लांब केली, जवळ आणली, आणि माझ्या हातात परत दिली.

“डाव्या खांद्याला अजून थोडी उरलीयेस,” ती म्हणाली. “पुढच्या शुक्रवारी ये.”